ओटी भरून पाठवलेल्या बायका

लग्नकार्यात मी दिसले की नात्यातलं कोणी ना कोणी नवऱ्या मुलाला सांगतंच, "यांना वाकून नमस्कार कर बाबा, पुढेमागे गाठ पडायची." मंडळी हसतात. मीही हसते, कारण अजून जेवायचं असतं. नंतर हात धुताना त्यांच्यातलीच एखादी मावशी हळूच जवळ येते आणि म्हणते, "तुमचा नंबर देऊन ठेवा हो. माझ्यासाठी नाही, ओळखीत एक आहे." तेवीस वर्षांत 'ओळखीतली एक' मला फार ठिकाणी भेटली आहे.

मी कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते. नगर रस्त्याकडच्या एका पोलीस चौकीच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत दोन टेबलं आणि एक लांब बाक, मागच्या खोलीत फायलींची कपाटं. काम सांगायला सोपं आहे. बाई अर्ज देते. तिला लिहिता येत नसेल तर आम्ही तिच्या शब्दांत लिहून घेतो. मग नवऱ्याला पत्र जातं. तो आला तर आधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं, मग समोरासमोर बसवायचं. तिला नांदायला जायचं असेल तर नवऱ्याकडून हमीपत्र घ्यायचं. जायचं नसेल तर संरक्षण अधिकारी, वकील, कोर्ट. निर्णय बाईचा. आम्ही निकाल देत नाही हे मी रोज सांगते, आणि रोज कोणीतरी सगळं ऐकून विचारतं, "बरं, मग तुमचा निकाल काय?"

गिऱ्हाइकं सगळ्या प्रकारची असतात. पेठेतले एक गृहस्थ बायकोच्या अर्जाची प्रत लाल शाईनं तपासून घेऊन आले होते. मी विचारलं, "तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय की तुम्ही त्यांना जिन्यावरून ढकललंत. हे खरं आहे?" ते म्हणाले, "मुद्दा मान्य आहे. ऱ्हस्व-दीर्घ मान्य नाहीत." हा विनोद म्हणून मी पुष्कळदा सांगितला आहे. त्या बाई मात्र पुढे कित्येक महिने कठड्याला धरूनच जिना उतरत होत्या.

केंद्राचं दुसरं काम म्हणजे वस्त्यांत, सोसायट्यांत जाऊन या विषयावर बोलणं. खराडीतल्या एका मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष मला दारातच म्हणाले, "मॅडम, तुमचं कार्य थोर आहे, पण आमच्याकडे तसला प्रकार नाही. इथे सगळे थ्री बीएचकेवाले."

"म्हणजे खोल्या जास्त आहेत. ठीक आहे," मी म्हटलं.

वेळ होता म्हणून मी तिथली तक्रारवही चाळली. एकाच फ्लॅटबद्दल वरच्यांनी, खालच्यांनी आणि शेजारच्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं होतं: रविवारी दुपारी फर्निचर सरकवण्याचा आवाज येतो, वामकुक्षी मोडते, कृपया समज द्यावी. दर रविवारी फर्निचर कोण सरकवतं, हे कोणी विचारलेलं नव्हतं. मी विचारलं. अध्यक्षांनी वही मिटली.

माझा अनुभव असा, की हिंसाचार हा शब्द कोणालाच आपल्या घराला लावता येत नाही. पेठेत 'स्वभाव तापट' असतो, गावात 'दोन ठेवून दिल्या' असतात, सोसायटीत फर्निचर सरकतं. म्हणून भाषणात मी कायद्यापासून सुरुवात करत नाही. मी बायकांना विचारते, "ताट भिरकावलं जातं, तेव्हा नंतर भिंत कोण पुसतं?" आधी हशा होतो. मग एकेक चेहरा गप्प होतो. मग कायदा सांगायचा.

हे सगळं मला समजतं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. लोकांना काय कळत नाही ते मला कळतं, या विश्वासावरच माझा पगार होता. मंगलनं तो विश्वास मोडला. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी ओटीबद्दल लिहायला हवं.

हमीपत्रावर सह्या झाल्या की जोडपं चौकीच्या फाटकातून बाहेर पडायचं, ते खटला हरल्यासारखं. नवरा ताडताड पुढे, बायको चार पावलं मागे. सासरी तिला ऐकावं लागायचं, "चौकीची पायरी चढून आलेली सून." हे मला खटकायचं. बाई इथून मानानं गेली पाहिजे, म्हणून मी एक पद्धत सुरू केली. समेट झाला की निघण्याआधी तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ओटी सवाष्णीनं भरायची आणि केंद्रात सवाष्ण मीच, तेव्हा ते काम माझ्याकडे. आमच्या मदतनीस शेवंताबाई तबक तयार करून द्यायच्या. मी देवाधर्मातली नाही. पण परिणाम डोळ्यांना दिसत होता. गुर्मीत बसलेला नवरा खाली बघायचा, सासू डोक्यावरचा पदर सारखा करायची. दुसऱ्या केंद्रांतले लोक येऊन ही पद्धत बघून गेले. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

मंगल वाघोलीची. तेव्हा वाघोली महापालिकेत आलेली नव्हती, पण शेतं विकून तिमजली घरं उठली होती. तिचा नवरा दत्ता प्लॉटच्या व्यवहारात होता. मंगलला आईवडील नव्हते, भाऊ नव्हता. मामानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. पहिल्यांदा आली तेव्हा कानातून रक्त येत होतं आणि कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी होती. चार बैठका झाल्या. दत्तानं दारू सोडली, निदान तसं सांगितलं. त्याची आई, हौसाबाई, प्रत्येक बैठकीला यायची आणि एक शब्द न बोलता बसायची. मंगलनंच ठरवलं, नांदायला जायचं. दत्तानं सही केली. मी ओटी भरली.

तेव्हा ती रडली. म्हणाली, "लग्नात मामीनंबी भरली न्हवती वो." पदरातली ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरून ती फाटकापर्यंत गेली. मी फाईलवर 'समेट' असं लिहिलं आणि फाईल मागच्या कपाटात गेली.

नियमानं नंतर घरी जाऊन चौकशी करायची असते. आम्ही दोघीच समुपदेशक, त्यामुळे चौकशी फोनवर व्हायची. फोन दत्ता उचलायचा. "एकदम छान चाललंय, मॅडम." मी तसं लिहून ठेवायची. फोन कोणाच्या हातात आहे, याचा विचार मला सुचायला हवा होता. सुचला नाही.

दोनेक वर्षांनी संक्रांतीच्या दिवसांत वाघोलीच्या सरपंचबाईंनी देवळाच्या सभामंडपात हळदीकुंकू ठेवलं आणि मला बोलायला बोलावलं. मंडप भरलेला होता. मी भिंतीचा प्रश्न विचारला, हशा झाला, शांतता झाली, मी कायदा सांगितला. मग वाण वाटायला मला पुढे केलं. बायका पदर पसरून येत होत्या. एकीचा पदर नीट पसरेना. डावा हात कोपरात वाकलेला, तो सरळच होईना. मी वर बघितलं.

"मंगल ना तू?"

"वळखलं व्हय, ताई?"

तिला मी खांबामागे घेतलं. "हाताला काय झालं?"

"मोडला व्हता. वाकडा बसला."

"कशानं मोडला?"

तिनं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "तुमी आत्ता मायकवर सांगितलं न्हवं का, त्यानंच."

मला राग आला, आणि तो तिच्यावर आला. खोटं कशाला लिहू. "मग केंद्रात का नाही आलीस? रस्ता माहीत होता तुला. माझा नंबर होता."

"कशी येनार? तुमी ओटी भरून धाडलं की मला."

मला कळेना. तिनं एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "माहेरानं ओटी भरून वाटंला लावल्याव लेकीनं भांडान घिऊन माघारी यायचं नसतंय, ताई. मामाच्या दारात गेले असते, त्येनं कुठं काय केलं व्हतं माझं? पर तुमी मान केला. सगळ्यांच्या म्होरं केला. मग तुमचं नाव खाली कसं पाडू?"

इतक्यात कोणीतरी तिला हाक मारली. माझ्या हातात केंद्राचं कार्ड होतं, ते मी तिला दिलं. तिनं ते ब्लाउजमध्ये सरकवलं आणि ती बायकांत मिसळून गेली.

दुसऱ्या दिवशी हे शेवंताबाईंना सांगितलं. त्या कपबशा विसळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग? ओटी भरली म्हंजी लेक वाटंला लावली. आता तिचं बरंवाईट तिकडंच."

"हे तुम्हाला माहीत होतं? मग मला बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल. म्हनलं, ताईंना बाया परत यायला नको आसतील."

पुढचे दोन आठवडे मी मागचं कपाट रिकामं केलं. ज्यांची ओटी भरली होती त्यांच्या घरी गेले. सगळ्या सापडल्या नाहीत, पुण्यात लोक घरं बदलतात. काही खरंच बऱ्या होत्या. काहींनी मंगलचंच उत्तर वेगळ्या शब्दांत दिलं. एका घरी दार अनोळखी बाईनं उघडलं. भिंतीवर आमच्या अर्जदाराचा हार घातलेला फोटो होता. "आजारी होती," नवरा म्हणाला. असेलही. मला माहीत नाही. आमच्या फाईलवर 'समेट' लिहिलेलं आहे, आणि ते खोडायचा अधिकार मला नाही.

ओटी तर शेवंताबाई बोलल्या त्याच दिवशी बंद झाली होती. पण मंगल अजून त्याच घरात होती. सरपंचबाईंकडून निरोप पाठवला, तिचं उत्तर आलं, "येते." आली नाही. पुन्हा निरोप, पुन्हा "येते." पोलिसांना घेऊन जाता आलं असतं, पण तिची तक्रार नव्हती. तिनं दारात उभं राहून "मला काही त्रास नाही" म्हटलं असतं, तर आम्ही माघारी आलो असतो आणि त्या दिवशी तिच्यावर काय वेळ आली असती हे वेगळं सांगायला नको.

शेवटी शेवंताबाईच बोलल्या. "ताई, ती यायची न्हाई. तिला आनायला पायजे. मुराळी धाडा."

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. सासरी गेलेल्या मुलीला सणावाराला माहेरी घेऊन यायला जो माणूस जातो, तो मुराळी. बहुधा भाऊ. मुलगी आपली आपण निघून आली तर ती भांडून आली, पण मुराळ्याबरोबर आली तर मानानं आली. आणि दारात आलेल्या मुराळ्याला सासरचे सहसा नाही म्हणत नाहीत.

"तिला भाऊ नाही, शेवंताबाई."

"मंग तुमी जा. ओटी कुनी भरली व्हती?"

मी अशा गोष्टींना हसणारी बाई आहे. तेव्हा हसले नाही. संरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं, चौकीतून साध्या साडीतली एक महिला शिपाई मागून घेतली आणि सकाळी अकराच्या सुमारास, दत्ता साइटवर गेलेला असताना, रिक्षानं वाघोलीला गेले. शिपाईबाई कोपऱ्यावर रिक्षात बसून राहिल्या. ठरलं असं, की मी हाक मारली किंवा दत्ताची गाडी वळली तरच त्यांनी यायचं.

हौसाबाई ओट्यावर घेवडा निवडत बसल्या होत्या.

"कोन?"

"मंगलला न्यायला आलेय."

"कुठं?"

"माहेरी. हात दाखवायचाय डॉक्टरला."

"तिला कुठलं माहेर?"

"मी ओटी भरली होती तिची. तुमच्यासमोर."

चार बैठकांत या बाईचा आवाज मी ऐकला नव्हता. "म्हंजी मुराळी हाय व्हय तुमी?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी घेवड्याचं सूप बाजूला सारलं आणि आत तोंड करून हाक दिली, "मंगे, पोरीची कापडं घे. तुला न्ह्यायला आल्यात." मग मला म्हणाल्या, "च्या घ्या."

मला एक मिनिटही थांबायचं नव्हतं. पण मुराळी चहा न घेता निघत नाही. निघाला तर तो मुराळी नसतो, मुलगी पळवायला आलेला माणूस असतो. मी ओट्यावर बसले. चहा उकळता होता. बशीत ओतून फुंकत प्यायले आणि रस्त्यावर गाडी वाजली की कान टवकारत होते. आतून कपाटाच्या दाराचा आवाज आला, मुलीचं काहीतरी विचारणं ऐकू आलं. मंगल एक पिशवी घेऊन बाहेर आली. मुलीच्या पायात चपला उलट्या होत्या. हौसाबाई उठल्या, आतून करंडा आणला, सुनेला कुंकू लावलं आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "हात नीट हू द्या. घाई नगा करू."

रिक्षा हलल्यावर मंगलनं विचारलं, "किती दिस ऱ्हाऊ, ताई?"

मी मुराळी म्हणून गेले होते, पण आमच्या केंद्रात एक खाटही नाही आणि साडेपाचला कुलूप लागतं. तिचं माहेर म्हणजे सरकारी आधारगृहातला लोखंडी पलंग होता. तिथे ती आणि मुलगी आठ महिने राहिल्या. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात सरळ करायचा तर पुन्हा मोडून बसवावा लागेल. मंगल म्हणाली, "आता कुनाच्याबी हातनं मोडून घ्यायचा न्हाई." तो तसाच आहे. कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळाला. त्या घरात राहण्याचा हक्कही मिळाला, पण ती परत गेली नाही. आता ती वारज्यात राहते आणि एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. पोळ्या लाटताना डावं कोपर बाहेर काढून उभी राहते, आणि शेजारचीला जरा सरकून उभं राहावं लागतं.

आमच्या कामात एक फरक झाला. समेट झाला तर आता ओटी नाही, पेढे नाहीत. नवऱ्यासमोर आणि सासूसमोर मोठ्यानं सांगायचं, "दर महिन्याला हिचा मुराळी घरी येईल." कलमांवर न वाचता सह्या करणारे नवरे या वाक्याला थांबतात. "म्हणजे कोण येणार?" विचारतात. "मी," असं सांगते. आणि जाते. फोनवर विश्वास ठेवत नाही.

मंगल निघाली त्याला तेव्हा चार-पाच महिने झाले असतील, ती अजून आधारगृहातच होती. एका सकाळी केंद्र उघडलं तर बाकावर हौसाबाई बसलेल्या. मला वाटलं, सुनेला शोधत आल्या. मी आधीच सांगून टाकलं, "मंगलचा पत्ता मिळणार नाही."

"पत्ता नगं."

"मग?"

त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. कानापासून मानेपर्यंत काळंनिळं झालं होतं. साठीची बाई. मी समोर बसले.

"कोणी? दत्तानं?"

"ती व्हती तवर तिच्याव भागत व्हतं," त्या म्हणाल्या. "मी आपली देवघराची कडी लावून बसायची."

बाईला बाहेर काढताना त्या घरात मागे कोण उरतं हे मी लिहून घेतलं नव्हतं, कारण तो रकानाच आमच्या अर्जात नव्हता. मी कोरा अर्ज पुढे ओढला. अर्जदाराचं नाव लिहिलं. विरुद्ध कोण, तिथे मुलाचं नाव लिहिताना त्यांनी मला थांबवलं नाही. वाघोलीहून त्या दोन बस बदलून आल्या होत्या, आणि त्यांना पाट्या वाचता येत नव्हत्या.

"तुम्हाला इथं घेऊन कोण आलं?" मी विचारलं.

"मला न्ह्यायला कोन येनार, बाई?" त्या म्हणाल्या. "माझी मीच आले."